जळकुकडी

मधमाश्या संपून कित्येक वर्षं झाली होती. साताऱ्यातल्या प्रत्येक गच्चीवर भोपळ्याचं लग्न आता माणसंच लावत. नरफूल खुडायचं, त्याचे पराग मादीफुलात टेकवायचे, की लागलं लग्न!

शलाकाचं लक्ष मात्र स्वतःच्या वेलीवर नव्हतंच. शेजारच्या गच्चीवर नूपुरची फुलं कसली पिवळीधमक फुलली होती! कठड्यावरून वाकून तिने एक नरफूल लांबवलं. देवाला शेजारची फुलं वाहणाऱ्या गावात याला चोरी कोण म्हणणार?

"दिसतेयस हं, जळकुकडे!" नूपुर ओरडली.

"तुझ्या मरतुकड्या फुलांवर कोण जळतंय?" म्हणत शलाकाने त्या फुलाचे पराग आपल्या वेलीला लावलेसुद्धा.

दोघी बालवाडीपासूनच्या जिवलग मैत्रिणी. पण हल्ली शलाकाला नूपुरची वेणी, तिचे मार्क, तिचं हसणंसुद्धा सहन होईना. शेवटी तिने वनस्पतिशास्त्रज्ञ असलेल्या कुमुदमावशीला गाठलं.

"मावशी, मी इतकी वाईट आहे का गं?"

"छे! गव्हाचे पराग वारा नेतो, काही पाणवनस्पतींचे पाणी नेतं. भोपळ्याकडे माश्या होत्या, आता तू आहेस. पण तू घरच्या घरीच लग्नं लावत बसलीस, तर बी कमजोर होतं. वेलीला परके पराग हवेत. म्हणून तिने वास बदलला. तो हुंगला की शेजारचं ते सगळं भारी वाटतं. आम्ही त्याला मत्सरपरागण म्हणतो."

"म्हणजे मी माशी?"

"शाळेत जाणारी माशी!" हसत मावशीने नाकात बसवायची इवलीशी गाळणी दिली. "ही घाल, वास अडेल."

दुसऱ्या दिवशी शलाका गाळणी घालून गच्चीवर गेली. आहाहा, काय शांत वाटत होतं! नूपुर नवे डूल मिरवत कठड्याशी आली.

"छान आहेत," शलाका म्हणाली. जळजळ नाही, काही नाही. नूपुर बोलत राहिली, पण ते ऐकावंसंही वाटेना. शेजारची एक मुलगी, बस्स. शलाका चरकली. या वेलीचं बियाणं तर त्यांच्या बालवाडीच्याही आधीपासून गच्चीवर होतं! मग त्यांची मैत्रीही त्या वासाचीच?

"फूल नाही चोरणार?" नूपुरचा चेहरा पडला. "रागावलीस?"

शलाकाला रागही येत नव्हता.

तिने गाळणी उपटली, फुलात नाक खुपसलं आणि खोल श्वास घेतला. छातीत आग आग उठली. तेव्हा कुठे नूपुर पुन्हा तिची मैत्रीण दिसू लागली.