न गिळलेला घास

बेदाण्याचं साल अर्ध्या नखाएवढं होतं. डॉक्टरांनी विष्णुपंतांचं तोंड उघडलं तेव्हा नीलिमाला ते मागच्या दाढेत अडकलेलं दिसलं. जिभेवर चावलेल्या मटणाचा लगदा तसाच होता. त्या मटणात बेदाणे नव्हते.

विष्णुपंत मटणाच्या ताटात तोंड खुपसून पडले, तेव्हा सगळ्या युनिटने टाळ्या वाजवल्या होत्या. सिनेमा विनोदी होता. पहिल्याच दृश्यात एक खाद्यसमीक्षक नामांकित शेफच्या ताटात मरतो; ती भूमिका विष्णुपंतांची. 'कट' झालं तरी ते उठले नाहीत. कोणीतरी हसून म्हणालं, "काका, ओव्हरॲक्टिंग!" मग रश्श्यात येणारे बुडबुडे थांबले.

शूटिंग बदलापूर गावातल्या हॉटेलात चाललं होतं. लायसन्स नीलिमाच्या नावावर. हॉटेल चालवायचा तिचा धाकटा भाऊ जयदेव. ती अंबरनाथच्या कारखान्यात केमिस्ट. वर्षभरापूर्वी गिऱ्हाइकांच्या ताटातलं उष्टं मटण धुऊन पुन्हा पातेल्यात जाताना तिने पाहिलं होतं. तेव्हापासून ती इथे पाणीही पीत नव्हती. पण जे बोलायचं, ते दर रविवारी इथे आली की ओठांपर्यंत येऊन परत जायचं.

"डॉक्टर म्हणतात, विषबाधा. मटण कोणी केलं?" उपनिरीक्षक भोईरांनी विचारलं.

"मी." जवळच्या जांभूळ गावची स्वयंपाकीण मोतीबाई पदराला हात पुसत पुढे आली. "पन मी नाय काय टाकला, साहेब. मना नेलात तं माझ्या नातींना कोन बघंल?"

"ताटात दुसरं काही नव्हतंच," जयदेव म्हणाला. "वाईट वाटतं, पण हिच्याच हातचं ते."

"ग्लिसरीन होतं," नीलिमा म्हणाली. "चकाकीसाठी. भाकरीवर हेअर स्प्रे. म्हणून तर ते कोणी गिळत नाही."

ती टेबलाखालच्या बादलीपाशी वाकली. टेक संपला की नट त्या बादलीत थुंकायचे. लाळेवर तेलाचा तवंग होता आणि खाली चोथे. नीलिमाने चमच्याने ढवळलं. भोईरांनी नाकाला रुमाल लावला.

"मॅडम, काय शोधताय यात?"

"प्रत्येक टेकचा चोथा आहे. शेवटचा त्यांच्या तोंडात आहे. मटण पोटात गेलेलंच नाही."

"मग पोटात गेलं काय?"

नीलिमाने मोतीबाईकडे पाहिलं. "सकाळी काही खाल्लं त्यांनी?"

"काय नाय. दिवसभर थुकायचा हाय, पोट रिकामाच बरा, असा बोलले. क्यामेऱ्याची पूजा झाली, त्याचा परसाद खाल्ला तेवढाच."

"तो कोणी दिला?"

"बाकीच्यांना मी वाटला. त्यांच्या बोटांना मेकपवाल्यांनी रस्सा फासलेला, म्हनून जयदेवशेठनी वाटीतून भरवला."

"मग?" जयदेव हसला. "एकाच पातेल्यातला शिरा. सगळ्यांनी खाल्ला. कोण मेलं?"

पातेलं ओट्यावरच होतं. नीलिमाने झाकण काढलं.

"मोतीबाई, यात काय काय घातलंय?"

"रवा, साखर, तूप, केला. बेदानं तुमच्या घरानच घालतात. आमी नाय घालत."

भोईरांनी चमच्याने तळापर्यंत शिरा उपसला. केळ्याच्या काळपट चकत्या निघाल्या. बेदाणा एकही नाही.

नीलिमा भावाकडे वळली.

"विष्णुपंत सेटवरचं सगळं थुंकायचे. कितीही चविष्ट असलं तरी थुंकायचे. पण प्रसाद कोणी थुंकत नाही, जया. कडवट लागला तरी माणूस गिळून नमस्कार करतो. तुला तेवढंच हवं होतं. पातेल्यात विष घातलं असतंस तर सगळे मेले असते, म्हणून एका वाटीचा शिरा तू वेगळा शिजवलास. मग ते टेकवर टेक देत राहिले, विष हळूहळू चढत गेलं आणि ते नेमके मटणाच्या ताटात कोसळले. मोतीबाई आयतीच सापडली."

"काहीही काय बोलतेस, ताई! पुरावा काय?"

"त्यांच्या दाढेत बेदाण्याचं साल आहे. आईचा शिरा बेदाण्याशिवाय व्हायचा नाही. तुझा हात विष कालवतानाही तिच्या सवयीने चालला."

जयदेवचा चेहरा उतरला. त्याने पातेल्यावर झाकण ठेवलं.

"मागच्या महिन्यात विष्णुपंताने इथे कोफ्ता खाल्ला," तो म्हणाला. "अर्ध्या तुकड्यात टूथपिक खोचून गेला. मुद्दाम. दुसऱ्या दिवशी परत जेवायला आला, तर तीच टूथपिक त्याच्या वाटीत आली. टोक चावलेली! हसत होता, ताई. सिनेमाच्या पार्टीत सगळ्या प्रेससमोर सांगणार होता. धंदा बसला असता."

विष्णुपंतांच्या मिशीवरचा रस्सा आता गोठून पांढरा पडला होता. मागच्या फ्रिजमध्ये कालच्या, परवाच्या ताटांतलं उष्टं डबे भरून ठेवलेलं होतं, हे नीलिमाला माहीत होतं.

"मॅडम," भोईर हळू आवाजात म्हणाले, "सख्खा भाऊ आहे. जबाब द्याल?"

"देईन."

"ताई, असं करू नकोस," जयदेव म्हणाला. "हॉटेल तरी सांभाळ."

दारात मोतीबाई घुटमळत उभी होती. "ताई, फ्रीजमंदल्या रश्श्याचा काय करू? संध्याकाळची ऑर्डर हाय."

नीलिमाने चमचा बादलीत टाकला.

"पोलिसांचं काम झालं की सगळं ओतून टाका, मोतीबाई. आजपासून हे हॉटेल बंद."