चाळिसातले दहा दाणे

एका घरी मदत म्हणून दोन पोती धान्य जातं, दुसऱ्या घरी एकच. मग जास्त अडचणीत कोण? मला विचाराल तर, दोन पोतीवालं, असं मी ठोकून दिलं होतं. आणि सपशेल तोंडावर आपटले होते.

मी कस्तुरी खोब्रागडे, वय अकरा. मंगळाभोवती फिरणाऱ्या 'ओंजळ' नावाच्या ठाण्यावर मी आबांबरोबर राहते. आबा म्हणजे माझे आजोबा, अर्थशास्त्रज्ञ (माणसं काय पिकवतात, काय कमावतात आणि ते कुणाला किती पुरतं, याचा अभ्यास करणारे). पृथ्वीवरून आलेली मदत खालच्या दोन वसाहतींना पोचवणं हे त्यांचं काम. महापठार ही मोठी वसाहत, तिला वर्षाला दोन यानं भरून सामान जायचं. चिमणदरी एवढीशी, तिला एकच.

त्या वर्षी धुळीच्या वादळात एक यान निकामी झालं. तीन फेऱ्यांऐवजी दोनच होणार होत्या. कुणाची तरी एक फेरी रद्द करायची होती, आणि तीही जेवणाची घंटा होण्याआधी ठरवायची होती. आबांनी मला विचारलं, तू काय करशील? मी एका दमात सांगून टाकलं की चिमणदरीची रद्द करा. महापठार दुप्पट मदत घेतं, म्हणजे तिथे नड जास्त. शिवाय चिमणदरीहून यान परतताना त्यात दर वेळी राजम्याचा एक डबा असतो. ज्यांच्याकडे वाटायला राजमा आहे, त्यांना कसली आलीय ददात!

ढोल्याला, म्हणजे सामान चढवणाऱ्या आमच्या यंत्रमानवाला, माझं लगेच पटलं. तो महापठाराच्या पेट्या चढवायलाही लागला. आबांनी मात्र फडताळातून तो राजम्याचा डबा काढला आणि विचारलं, शेजारच्यांची वाटी परत करताना तुझी आजी काय करायची?

हे कुणालाही ठाऊक असतं. वाटी रिकामी परत करायची नाही, निदान चिमूटभर साखर तरी घालायची. आजी तर डबा खरवडून साखर काढायची.

"मग आपल्याकडे साखरेची पोती होती का गं?" आबा म्हणाले.

माझे कान गरम झाले. तो राजमा म्हणजे सुबत्ता नव्हती, रीत होती.

मग आबांनी टेबलावर राजम्याचे शंभर दाणे मोजून ठेवले. नुसती मदत बघू नकोस, म्हणाले, ती कमाईशेजारी ठेवून बघ. देशातल्या सगळ्यांनी मिळून वर्षभरात जे कमावलं, ते राष्ट्रीय उत्पन्न (आमच्या इथे, अख्ख्या वसाहतीची एकूण कमाई). हे शंभर दाणे म्हणजे ती कमाई. आता शेजारी मदतीचे किती दाणे ठेवायचे?

महापठाराची कमाई सहा हजार कोटी, मदत एकशेवीस कोटी. सहा हजारांत साठ शेकडे. एकशेवीसला साठने भागलं, दर शेकड्याला दोन दाणे. मी दोन दाणे ठेवले. मग चिमणदरी. कमाई दीडशे कोटी, मदत साठ कोटी. दीडशे म्हणजे दीड शेकडा. साठला दीडने भागलं आणि मी दाणे ठेवत गेले. दहा. वीस. चाळीसवर हात थांबला.

महापठाराची एक फेरी रद्द केली, तर शंभरांशेजारच्या दोन दाण्यांतला एक कमी होणार होता. चिमणदरीची केली, तर चाळीसच्या चाळीस. चिमणदरीच्या पेट्यांत तिथल्या शाळेच्या हवा गाळायच्या जाळ्या होत्या, आणि शाळेत एकोणीस मुलं. मला रडू फुटलं.

आबांनी पाठीवर हात ठेवला. मग तीन वर्षांपूर्वीचे आकडे दाखवले. तेव्हाही मदत साठच कोटी होती, पण कमाई शंभर. म्हणजे शंभरांशेजारी साठ दाणे! त्या मूठभर माणसांनी लाल मातीतून पिकं काढली, कमाई वाढवली आणि साठाचे चाळीस केले. नुसते दाणे कमी दिसले म्हणून भुलू नकोस, असंही ते म्हणाले. कधी कधी मदत पोचतच नाही, तेव्हाही दाणे कमीच दिसतात. कमाई वाढली का, ते आधी बघायचं.

"टेकू घेण्यात लाज नाही, कस्तुरी. पण टेकू घेऊन उभं राहायचं आणि तो आपल्या हाताने कमी करत आणायचा, याला छाती लागते."

मी धावत जाऊन ढोल्याला पेट्या बदलायला लावल्या. बदलताना त्याने एक माझ्या पायावर टाकली. बरोबरच केलं त्याने.

चिमणदरीच्या यानातून मी मुलांना पत्र पाठवलं आणि माझी चूक दाण्यांसकट कबूल केली. वर्षभराने, पुढच्या फेरीहून यान परत आलं. डबा उचलला तर हलका लागला. आत फक्त दहा दाणे, आणि एकोणीस सह्यांची चिठ्ठी.

"कस्तुरीताई, यंदा आमची कमाई दोनशे कोटी झाली. मदत तेवढीच, म्हणजे शंभरांशेजारी तीस दाणे. चाळिसातले हे दहा आता आम्हांला नकोत. पुढे एखादी नवी वसाहत होईल, तिला पेरायला द्या."

आबांनी चष्मा काढून पुसला आणि चिठ्ठी पुन्हा वाचली. दहा दाणे मी बरणीत जपून ठेवले. मग डबा धुतला, कोरडा केला आणि त्यात चिमूटभर साखर घातली.