दाई

वैनगंगेकाठच्या गेंडा केंद्रात दिवस दुधाने उजाडायचा. परिचर भाऊराव मेश्राम टाकीत दुधाची भुकटी कालवून ठेवत, आणि तिथे पोट भरून घेऊन दाई डुलत डुलत पिल्लांकडे निघे. दाई म्हणजे पालकयंत्र. चार पायांचं, जाड रबरी कातडीचं, उबदार, मादीसारखे फुत्कार टाकणारं. एका साथीने रानातले एकशिंगी गेंडे संपवले होते. उरल्या होत्या गोठवलेल्या पेशी आणि त्यांतून पिल्लं वाढवणाऱ्या काचेच्या गर्भटाक्या. माणसाच्या हातचं पिल्लू माणसाच्याच मागे लागतं, म्हणून ही दाई.

दाई फार चांगली निघाली, आणि तेच अंगाशी आलं.

नवं पिल्लू आलं की खरी मादी थोरल्याला धडका देऊन हाकलते. दाईलाही ते शिकवलेलं होतं. पण ठमी नावाचं पहिलं पिल्लू धडक खाऊन जे ओरडलं, ते कोणालाच ऐकवेना. पशुवैद्य मंदाकिनी उईके यांनी त्याच दुपारी दाईच्या संगणकातून धडक काढून टाकली. कोणी त्याला चूक म्हटलं नाही, उलट पेढे आणले.

ठमी वयात आली, दोन टनांच्या घरात गेली, तरी तिचं दाईला चिकटणं सुटेना. केंद्रातल्याच नराकडे ती ढुंकूनही बघत नव्हती. इकडे गोठवलेल्या पेशी संपत आल्या होत्या. ठमी स्वतः व्याली नाही, तर गेंड्याची जात या कुंपणातच संपणार होती. लाड करून आपणच ती बुडवतोय, हे मंदाकिनीबाईंना झोप लागू देईना. शेवटी त्यांनी मन घट्ट करून धडक परत घातली.

ठमीचे ते दिवस फार वाईट गेले. पण मग ती नरापाशी गेली, आणि पुढच्या हिवाळ्यात भरदुपारी व्याली. पिल्लू धडपडत उभं राहिलं. ठमीने त्याला हुंगलं. कुंपणाबाहेर भाऊराव उघडपणे रडत होते.

मग ठमीने पिल्लाला नाकाने ढकललं. ते पडलं. तिने त्याला उठवून पुन्हा पुढे ढकललं, थेट दाईच्या आवारापर्यंत. तिच्या आचळांतून दूध ठिबकत होतं. तिकडे तिचं लक्षच नव्हतं.

"मॅडम, हे त्याले कुठं घेऊन चालली?" भाऊरावांनी विचारलं.

"आईकडे," मंदाकिनीबाई म्हणाल्या, आणि आपण काय बोललो ते मग त्यांच्या ध्यानात आलं. ठमीने आयुष्यात आई म्हणून एकच पाहिली होती.

दाईने नव्या पिल्लाचा वास घेतला, खाली वाकून त्याला पाजायला घेतलं, आणि जवळ आलेल्या थोरलीला, म्हणजे ठमीला, शिकवल्याप्रमाणे धडक दिली. ठमी मुकाट्याने मागे सरली आणि चिखलात जाऊन लोळू लागली. आपलं काम झालं, अशा निवांतपणे.

"बंद करा तिले," भाऊराव म्हणाले. "भूक लागली का पिल्लू जाते मायकडं."

"आणि मायनं पुन्हा ढकललं तर?"

असं विचारूनही मंदाकिनीबाईंनी कुंपणावरचा दाईचा खटका दाबला. दाई उभ्या जागी थांबली, तिची ऊब ओसरू लागली. पिल्लू थंड रबर ओढत राहिलं, मग चिरक्या आवाजात हाका मारू लागलं.

ठमीने कान टवकारले. ती उठली, लगबगीने आली. पण ठमी पिल्लाला ओलांडून पुढे गेली आणि दाईला डोक्याने हलवू लागली. हलक्या, घाबऱ्या धक्क्यांनी. दाई हलेना, तशी तीही हाका मारू लागली.

दाईच्या दोन बाजूंनी दोन हाका येत होत्या. मंदाकिनीबाईंचं बोट अजून खटक्यावरच होतं. परत दाबला तर ठमीला तिची आई मिळणार होती, न दाबला तर कदाचित पिल्लाला त्याची. यातल्या कोणत्या पिल्लाला आधी आई द्यायची?