धुऱ्यातली जागा

हुडकेश्वर तेव्हा नागपुरात नव्हतं, नागपुराबाहेरचं गाव होतं. सत्तर-एकाहत्तर साल असेल. चैत्र संपत आलेला, ऊन असं की कुत्रीही भुंकायची नाहीत. महादेवराव न्याहारी करून निघाला तो साध्याच कामाला. वावराची हद्द चालून दाखवायची होती.

चुलतभाऊ आनंदरावाशी त्याचा विहिरीवरून वाद. विहीर धुऱ्याच्या, म्हणजे दोन वावरांमधल्या मातीच्या बांधाच्या, पलीकडे आनंदरावाकडे. महादेवराव म्हणे, धुरा सरकवलाय. कोर्टकचेरीला दोघंही कंटाळले, तेव्हा गावातले जुने जाणते बळीराम बोलले, "वावराची माती डोक्यावर घे गा, अन् चाल. तू चालशील ते हद्द. पन खोटं चालशील तर नवा धुरा माणूस मागते... तुह्याच घरचं."

त्यालाही ते ठाऊक होतं. गोंडराजांच्या काळी दोन घराणी याच जमिनीपायी एकमेकांवर तुटून पडली होती. पडले त्यांना तिथंच आडवं करून वर माती ओढली, तोच हा धुरा. पण महादेवरावाची लेक पुष्पलता पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली, दिवस भरलेले. नातवाच्या नावानं पाणी असावं, एवढीच त्याची हाव. हाव ती हावच.

डोक्यावर ढेकूळ घेऊन तो निघाला. बाभळीपर्यंत खरा चालला. तिथून विहिरीला वळसा घालून पाय वळवले, आणि वारा पडला. मागून पावलं येऊ लागली... एकाची नव्हे. घामाचा, लोखंडाचा, ओल्या मातीचा वास. नुसत्या धापा ऐकू येत होत्या. मागं बघायची त्याची छाती झाली नाही.

विहिरीपाशी उभा राहून बघणारा आनंदराव भांडला नाही. पांढराफटक पडला होता. "विहीर घे गा, महादेव... पन तुह्या मागं चालून राहिले होते, ते कोन?"

खोट्याच्या कपाळी गोटा म्हणतात. त्या दिवशी तरी महादेवरावाच्या कपाळाला काही झालं नाही. पोटभर जेवला, झोप मात्र लागली नाही. नुसता कूस बदलत राहिला.

उजाडताच वावरात गेला, तर खोट्या हद्दीवर धुरा उभा. कोणी घातला नव्हता. बाभळीपासून सलग, विहिरीजवळ मात्र एक खाच राहिलेली. पाळण्याएवढी.

त्यानं टोपलीनं माती टाकायला घेतली. माती आत जाई, खाच भरेना. सूर्य डोक्यावर आला तरी तो टाकतच होता. तेवढ्यात त्याची बायको सुभद्रा घराकडून धावत आली.

"चला ना जी घरी... पुष्पीले कळा सुरू झाल्या."

टोपली हातातून पडली. तो खाचेत आडवा झाला. "मले घ्या," तो पुटपुटला, "मले..." पाय बाहेर राहिले. त्यानं गुडघे पोटाशी ओढले, मान छातीत घातली, अंग चोरलं. सुभद्रा धुऱ्यावर उभी राहून बघत होती.

किती केलं तरी तो त्यात मावेना.