काजळीचा उतार

तो माणूस पालथा पडला होता आणि हलत नव्हता. भाद्रपदातली भुरभुर चालू होती, सुप्याच्या आमच्या माळावर चिटपाखरू नव्हतं, आणि मी सारजा, घरातली एक नंबरची भित्री, काठी घट्ट धरून उभी. मेला की काय हा?

"अवं… जित्तं हाय का?"

"हाय की," गवतातून आवाज आला. "फकस्त जरा बाजूला व्हा. उजेड अडवताय."

त्याच्या डोळ्याला भिंग होतं. नाव युवराज. कन्हेरीच्या ऊसवाल्यांचा मुलगा, बारामतीच्या कॉलेजात शिकलेला, आता रानफुलांची मोजणी करत हिंडणारा. घरी पाण्याखालचा ऊस सोडून हा माळावर गवत हुंगत फिरतो म्हणजे डोकं ठिकाणावर नसणार, असं मला वाटलं. पण तो हसला… आणि माझी भीती भलत्याच वाटेला लागली.

त्यानं वहीतलं चित्र दाखवलं. नखाएवढं जांभळं फूल, मधोमध काळा ठिपका.

"हे कुठं बघितलंय का? दोन वर्सं शोधतोय. यादीत ह्याच्या नावापुढं 'धोक्यात' लिवलंय. यंदा बी दिसलं न्हाय, तर मला 'नामशेष' लिवावं लागंल."

काजळी! लहानपणापासून बघत आले होते मी.

"न्हाय बा," मी म्हणाले.

मुद्दाम खोटं बोलले. ब्याण्णव साली शेजारच्या टेकाडावर असंच काहीतरी दुर्मिळ सापडलं, लगेच वनखात्याचं तारेचं कुंपण पडलं आणि आमची मेंढरं बाहेर. त्याला चार वर्षं झाली. आता चरायला हा माळ आणि त्याच्यामागचा एकच उतार उरला होता, आणि काजळी नेमकी तिथंच फुलायची. तोही गेला तर माझे वडील, आबा, कळप विकून मोडतील, हे मला पक्कं ठाऊक होतं.

तो मात्र रोज यायला लागला.

"रोज हितंच का येता?"

"फुलासाठी."

"फूल तर न्हाय हितं."

"असं तुमी म्हणता," तो म्हणाला आणि बघतच राहिला. मी मेंढरं मोजायला घेतली… तीनदा चुकले.

पाचव्या दिवशी त्यानं वही मिटली. "उद्याचा दिवस शेवटचा. कागद लिवून पुण्याला वनखात्यात द्यायचा, मग माझं काम खानदेशात."

उतार जाईल ही एक भीती, हा जाईल ही दुसरी. दुसरी मोठी निघाली, याची मला लाज वाटली. पण दुसऱ्या दिवशी मीच म्हणाले, "चला माझ्यासंगं."

खडकाआडचा, वाटेवरून न दिसणारा सगळा उतार जांभळा झाला होता. तो गुडघ्यांवर बसला, भिंगातून एकेक फूल बघू लागला.

"तुमी… खोटं सांगितलंत!"

"व्हय."

"कुंपणाच्या आत मी इंच इंच बघितलं. आधी हुतं म्हणत्यात, आता एक रोप न्हाय. मग हितं कसं?"

"फुलात असताना मेंढरानं खाल्लं तर पोट फुगतंय. म्हणून बिया गळंपतुर भ्यानं आमी हिकडं फिरकत न्हाय. दसऱ्याला मातुर समदा कळप ह्याच्यावरनं नेतो, खुरांनी बिया मातीत दाबल्या जात्यात. मग चाललो कोकणात."

"आन् कुंपणात गवत कमरंएवढं…" तो पुटपुटला. "एका वर्साचं रोप त्यातनं डोकं कसं वर काढंल? मेंढरं न्हाईत, म्हणून फूल न्हाय!"

त्यानं भराभर पानभर लिहिलं.

"हितं बी कुंपण पडंल का?" मी विचारलं.

त्यानं लिहिलेलं पुन्हा वाचलं. "मेंढरं पायजेतच, असं लिवलंय. पर वरचे ऐकतील का… खात्री न्हाय." मग त्यानं ते पान वहीतून काढून माझ्या हातात ठेवलं. "तू ठरव. फाडलंस तरी चालंल. मी 'नामशेष' लिवीन."

पहिल्यांदाच तो मला 'तू' म्हणाला होता. दोन वर्षांची पायपीट माझ्या ओल्या मुठीत होती. फाडलं तर उतार आमचा राहील. पण उद्या इथं नांगर आला, तर कागदावर नसलेल्या फुलासाठी कोण आडवं येणार?

"घ्या," मी पान परत दिलं. "पर दरवर्साला मोजायला तुमीच यायचं."

"यावंच लागंल. दरवर्सी मरून नव्यानं उगवणारं फूल ते. पर… तूच हितं नसलीस तर? कुणी मागणी घातली आन् गेलीस तर?"

"मग त्याच्या आधी तुमीच घाला की!"

निसटलंच तोंडातून. कानशिलं तापली. त्याचा चेहरा मात्र पांढराफटक पडला.

"घालतो," तो हळूच म्हणाला. "पर तुज्या आबांचं भ्या वाटतंय मला. आमच्या घरच्यांचं तर लईच."

"मला बी," मी म्हणाले. हात धरला त्याचा. हाही माझ्यासारखाच भित्रा निघाला. त्याचा मला केवढा धीर आला!

"सारजेऽऽ!" खालून आबांची हाक आली. त्या आवाजानं एरवी मी हातातलं टाकून पळत सुटायचे. युवराजनं हात सोडवायला बघितलं. मी सोडला नाही.

"आले आबाऽऽ," मी ओरडले. "एकली न्हाय… संगं पाव्हणं हायती!"