दोन ठोके, मग एक

वीज गेली तर जाऊ द्या. काडीपेटी शोधू नका. गोष्ट संपली की दिवा मीच पेटवतो.

काम तसं क्षुल्लक होतं. पाइपात अडकलेला स्पंजाचा बोळा काढायचा, एवढंच. सुवेझच्या त्या कारखान्यात पाइप जोडण्यात माझं आयुष्य गेलं, असली कामं मी डोळे मिटून केली आहेत.

रमजानचे दिवस होते. अताका डोंगरावरून उन्हाची झळ थेट आमच्या पत्र्याच्या शेडमध्ये येत होती. सकाळी निघताना माझी बहीण इन्साफ दारात येऊन म्हणाली होती, "बय्यूमी, ह्यांना वेळेवर घेऊन ये रे. कुनाफा गरम असतानाच खायचाय." 'हे' म्हणजे तिचा नवरा गलाल, वेल्डिंगमधला माझा जोडीदार. आणि कुनाफा म्हणजे रोजा सोडल्यावर खायची शेवयांची मिठाई.

"आणतो की! कुठे पळून जातायत ते?" मी म्हणालो.

दुपारी आम्ही एका जाड स्टेनलेसच्या पाइपाचा शेवटचा जोड पुरा केला. असा जोड करताना पाइपात आर्गन वायू भरून ठेवतात, नाहीतर वेल्ड आतून काळा पडतो. वायू निसटू नये म्हणून जोडाच्या दोन्ही बाजूंना बोळे घालतात. अलीकडचा बोळा निघाला, पलीकडच्याची दोरी तुटली. पाइपाचं दुसरं टोक तर कायमचं बंद केलेलं. म्हणजे कोणीतरी सरपटत आत जाणं आलं.

आर्गनला वास नाही की रंग नाही. आतल्या माणसाला गुदमरल्याचंही कळत नाही, तो नुसता झोपी जातो. आमचे उस्ता, म्हणजे उस्ताद, दुसूकी असेच गेले. डावखुरा कारागीर, शेडमधल्या निम्म्या लोकांना त्यांनीच शिकवलेलं. झोप लागण्याआधी त्यांनी आतून ठोके मारले असणार, पण बाहेर कॉम्प्रेसर धडधडत होता, कोणाला काही ऐकू गेलं नाही. तेव्हापासून माणूस आत असला की आमच्याकडे कॉम्प्रेसर बंद. आणि आत शिरण्याआधी लांब सळईला पेटता लायटर बांधून पुढे सरकवायचा. ज्योत तगली तरच माणसाने जायचं.

"दाजी, लायटर द्या."

गलालने दोन्ही खिसे उलटे करून दाखवले. "रोज्यात लायटर कोण बाळगतं? नुसता दिसला तरी सिगारेट आठवते. तुझा कुठाय?"

माझाही घरीच होता. एरवी त्या शेडमध्ये माणसांपेक्षा लायटर जास्त निघाले असते. त्या दिवशी एकाही खिशात नव्हता.

"थोडं थांबू या. हवा खेळू दे आत."

"हवा खेळेपर्यंत पाइप न्यायला ट्रक येईल, आणि उशीर झाला तर तुझी बहीण माझा कुनाफा करेल! सोड रे. रोज्यांनी पोट उतरलंय तोवर जाऊन येतो. ईदनंतर मी यात मावायचा नाही."

मी त्याच्या दोन्ही घोट्यांना दोर बांधला. तो डोक्याकडून आत शिरला. पाइप असा अरुंद की आत मांजरालाही वळता येणार नाही. डोक्याने गेलेला माणूस पायांकडूनच बाहेर येतो. खुणा दुसूकींनीच घालून दिलेल्या. एक ठोका म्हणजे ठीक आहे. दोन ठोके, जरा थांबून आणखी एक, म्हणजे ओढा.

शेड शांत झाली. त्याचं घासत जाणं तेवढं ऐकू येत होतं. टण्. मीही हातोडीने उत्तर दिलं. पुन्हा टण्. मग घासण्याचा आवाज थांबला.

"दाजी...?"

मी पाइपाला कान लावला. एवढ्या उन्हात तो धातू विहिरीच्या पाण्यासारखा गार होता.

टण् टण्... टण्.

ठोके गलालच्या जागेवरून आले नव्हते. ते त्याच्याही पुढून आले होते, बोळ्याच्या पलीकडून, बंद टोकाकडून.

मी दोर ओढला. गलालसारखा भरभक्कम माणूस, पण असा सरकत येऊ लागला की जणू मागून कोणी लोटतंय. त्याचे बूट दिसायची मी वाट पाहत होतो. आधी आलं ते डोकं.

दोर घोट्यांना नव्हता. काखेतून छातीभोवती घेऊन पुढे एक गाठ मारलेली होती. त्याचे ओठ निळे पडले होते आणि बोळा मुठीत घट्ट होता.

"गलाल! अरे ऊठ! इन्साफला मी काय तोंड दाखवू?" मी त्याच्या तोंडात श्वास फुंकत राहिलो, छाती दाबत राहिलो. अखेर तो खोकला. त्या खोकल्याइतकं गोड मी आजवर काही ऐकलेलं नाही.

"कोण होते रे ते?" तो पुटपुटला.

"कोण?"

"म्हातारे... 'कूस बदल, पोरा' म्हणाले. तान्ह्याला वळवावं तसं वळवलं मला... हात फार गार होते."

मी गाठ पाहिली. उलटी होती, डाव्या हाताची. उस्तांच्या तशा गाठी पाहतच मी काम शिकलो होतो. खरं सांगतो, मला भीती वाटली नाही. ती गाठ मुठीत धरून मी नुसता रडत राहिलो.

ट्रक येऊन उभा राहिला. पाइप चढवण्याआधी मी त्यावर एकच ठोका मारला. आभार म्हणा, विचारपूस म्हणा... ठीक आहात ना, उस्ता?

टण् टण्... टण्.

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. दुसूकी ज्यात गेले तो पाइप केव्हाच दूर कुठल्याशा कारखान्यात बसला होता. पण सगळ्या पाइपांतला काळोख बहुधा एकच असावा. इतकी वर्षं ते 'ओढा' म्हणत होते, आणि बाहेर ऐकणारं कोणी नव्हतं.

गलालला धड उभं राहता येत नव्हतं. तरी त्यानेच दोर सोडवला आणि मोकळं टोक पाइपात भिरकावलं. आम्ही दोघांनी ओढायला सुरुवात केली.

दोर जड लागला. ट्रकवाला हॉर्न वाजवत होता, आम्ही घामाघूम होऊन ओढत होतो. पाइपाच्या तोंडाशी येताच तो एकदम हलका झाला. मोकळ्या टोकाला आता माणसाच्या छातीएवढा फास होता, रिकामा. मी हात लावला, तर आतून उबदार.

बाहेरगावाहून परतलेल्या माणसाला आमच्याकडे जे म्हणतात, तेच गलाल छातीवर हात ठेवून हळूच म्हणाला, "अल्लाची कृपा... सुखरूप आलात, उस्ता."

मग आम्हाला गाठीत काहीतरी अडकलेलं दिसलं. जुना पितळी लायटर. मी चाक फिरवलं, पहिल्याच फटक्यात पेटला.

त्या दिवशी गलालला मी वेळेवर घरी पोचवलं. कुनाफा गरम होता.

हा बघा तो लायटर. रमजानातही माझ्या खिशातच असतो. आज इतकी वर्षं झाली, मी यात एकदाही पेट्रोल भरलेलं नाही. आणा, तो दिवा इकडे करा.