दरवाज्यातला गोटा

ही गोष्ट कुणाला सांगायची नाही, असं ईश्वर आजोबांनी आम्हाला बजावलं होतं. वीज गेली होती, म्हणून माझा भाऊ मनिष आणि मी त्यांच्या ओट्यावर जाऊन बसलो होतो. "भूपेंद्र माहा जुना दोस्त," ते म्हणाले. "खोटं बोललो तं जीभ झडन." मी कुणाला सांगत नाहीये. फक्त वहीत लिहिते आहे.

भूपेंद्रकाका जवाहरनगरला कारखान्यात होते. सुट्टी मिळाली की मुलीला, रीनाला, मोटारसायकलवर बसवायचं आणि किल्ला बघायला निघायचं. आंबागड झाला, पवनी झाली. १० डिसेंबर २०२३, रविवारी, सानगडीचा नंबर लागला. अमावस्या दोन दिवसांवर होती.

पायथ्याशी जनाबाईंची चहाची टपरी होती. त्यांची एक रीत होती. वर जाणाऱ्याने किल्ल्याच्या दरवाज्यात एक गोटा ठेवायचा आणि उतरताना आपला आपण उचलायचा. "गोटा हाय म्हंजे मानूस वर हाय," त्या म्हणायच्या. "गोटा उचलला म्हंजे मानूस उतरला."

रीनाला हे फार आवडलं. तिने खडूने लहान गोट्यावर 'रीना' लिहिलं, मोठ्यावर 'बाबा'.

वरून तलाव पितळेच्या परातीसारखा दिसत होता. कापणी झालेल्या धानाच्या बांध्या, भारे रचून केलेले पुंजणे, पलीकडे जंगलाची काळी रेघ. रीनाने स्वेटर काढून बुरुजावर ठेवला. बापलेकीने चणे खाल्ले.

"बाबा, तुमचा सगळ्यात आवडता किल्ला कोणता?"

"ज्याच्यावर तू कडेवर घे म्हनत नाईस, तो."

उतरताना तिने दोन्ही गोटे उचलले आणि घरी ठेवायला काकांच्या खिशात टाकले. चहा सांगून झाल्यावर आठवलं, स्वेटर वरच राहिला.

"तू बस इथंच. आलोच मी."

"भाऊ, गोटा ठेवजा परत!" जनाबाई मागून ओरडल्या.

"दोन मिनिटासाठी कायले, बाई?"

सहाला दहा कमी होते.

बुरुजावर रीना बसली होती. पाठमोरी. स्वेटर घालून.

"काहून आली वर? तुले बस म्हनलं ना!"

काकांनी तिचा हात धरला. हात गार होता... थंडीचे दिवस, त्यांना वाटलं. दोघं उतरू लागले. ती बोलत नव्हती. वाळलेला पाला वाजत होता. एकाच्याच पायाखाली.

दरवाज्याशी ती थांबली. ओढलं. हलेना.

"बाबा... माझा गोटा?"

काकांनी खिशात हात घातला. लहान गोटा बोटांना लागला. आता बाहेर काढणार...

तेवढ्यात खालून हाक आली.

"बाबाऽ! चहा थंडा होऊन राहिला!"

टपरीच्या दिव्याखाली रीना उभी होती. फ्रॉकवर. हात हलवत.

काकांनी शेजारी पाहिलं नाही. हातातला हात... आवळला गेला.

"गोटा..."

खिशात दोन. लहान रीनाचा. मोठा त्यांचा.

पोरीचा द्यायचा नाही. एवढंच त्यांना सुचलं. मोठा काढला. दरवाज्यात ठेवला.

हातातली बोटं सैल झाली.

ते धावले नाहीत. मागेही पाहिलं नाही. रीनाला गाडीवर बसवलं आणि थेट जवाहरनगर गाठलं. रात्रभर तिचा हात धरून बसले. हात गरम होता.

सकाळी रीनाच्या आईने, रीताकाकूंनी, दूध घ्यायला दार उघडलं. पायरीवर एक गोटा होता. दवाने ओला. वर रीनाच्या अक्षरात, 'बाबा'.

आजोबांची गोष्ट इथे संपली. मग मनिषने हळूच विचारलं, "पन तिथून उचलला कोनं, आजा?"

मला जनाबाईंचं बोलणं आठवत होतं. उचलला म्हणजे उतरला. मला विचारायचं होतं, की मग त्या घरात आता

"खुशबू! वही ठेव अन् ताटं घे!"